गंगाराम का ओरडतो?

संध्याकाळचे सव्वासहा वाजले की आमच्या घरातलं बोलणं बंद व्हायचं. बंद करावंच लागायचं, कारण समोर बसलेल्या माणसाचं बोलणंही ऐकू यायचं नाही. पिंजऱ्याच्या दांडीवर गंगाराम पुढे वाकून बसायचा, दोन्ही पंख अर्धवट उघडून थरथरवायचा, मान भराभर वरखाली करायचा आणि ओरडायला लागायचा. हे तासभर चाले. वरच्या मजल्यावरच्या आजींनी पहिल्या आठवड्यात काळजीनं विचारलं, "अगं, त्याला कुठे दुखतंय का?" दुसऱ्या आठवड्यात त्यांनी काही विचारलं नाही, दार मात्र जोरात लावून घेतलं. महिनाअखेर सोसायटीची चिठ्ठी आली : पक्ष्याचा बंदोबस्त करावा.

गंगाराम हा आफ्रिकन राखी पोपट. अंग राखाडी, चोच काळी आणि शेपूट लालभडक. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त गृहस्थांनी तो पिल्लू असताना घेतला आणि १४ वर्षं सांभाळला. ते गेल्यावर तो दोन महिने त्यांच्या नातेवाइकांकडे होता. तिथे जमेना म्हणून तो आमच्याकडे आला. म्हणजे आमचं घर हे त्याचं तिसरं घर. नीट सांभाळला तर हा पक्षी ४०-५० वर्षं जगतो, त्यामुळे पाळणारा आधी जातो आणि पोपट मागे राहतो असं बरेचदा घडतं. चिठ्ठी हातात घेऊन आम्ही बसलो तेव्हा प्रश्न सरळ होता. याला चौथं घर शोधायचं की हा का ओरडतो ते शोधायचं?

पुढे जाण्याआधी एक खुलासा करायला हवा. कीर किंवा पहाडी पोपट यांसारख्या आपल्या देशातल्या कोणत्याही जातीचा पोपट पकडणं, विकणं किंवा पिंजऱ्यात ठेवणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. 'आमच्या आजोबांपासून मिठू आहे' असं म्हटल्यानं त्यात फरक पडत नाही. गंगाराम परदेशी जातीचा आहे. या कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर अशा पक्ष्यांचीही नोंदणी करावी लागते. ती आम्ही आमच्या नावावर करून घेतली. पण कायद्याचं समाधान झालं म्हणून पक्ष्याचंही झालं असं नाही. त्या संध्याकाळच्या आरड्याओरड्यानं आम्हाला हेच शिकवलं.

आधी डॉक्टर

ओरडणं थांबवण्यासाठी सुरुवातीला आम्ही जे केलं ते कोणीही केलं असतं. "गप्प बस!" म्हणून दरडावलं. पिंजऱ्यावर चादर टाकली. एकदा त्याला पिंजऱ्यासकट अंधाऱ्या खोलीत ठेवलं. सूर्यफुलाच्या बिया देऊन पाहिल्या. बिया खाईपर्यंत शांतता, मग पुन्हा तेच.

शेवटी पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. खरं तर तिथे सर्वांत आधी जायला हवं होतं. रानात आजारी दिसणारा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत लवकर भरतो. त्यामुळे पक्षी आजार शेवटपर्यंत लपवतात. दिवसभर पिसं फुलवून बसणं, दांडी सोडून पिंजऱ्याच्या तळाशी बसणं, श्वासाबरोबर शेपूट वरखाली होणं, विष्ठेचा रंग बदलणं, वजन घटणं ही धोक्याची लक्षणं. राखी पोपटाचं वजन साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असतं, म्हणजे २०-३० ग्रॅमची घटही मोठीच. डॉक्टरांनी स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याला रोज सकाळी तोलायला सांगितलं. सूर्यफुलाच्या बिया जवळजवळ बंद केल्या, कारण नुसत्या बियांवर वाढलेल्या पोपटांना अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम पुरेसं मिळत नाही. कॅल्शियमच्या कमतरतेनं राखी पोपटांना झटकेसुद्धा येतात.

तपासणीत गंगारामला आजार निघाला नाही. मग डॉक्टरांनी आम्हाला एक प्रश्न विचारला : "तो ओरडतो तेव्हा तुम्ही काय करता?" आम्ही एकमेकांकडे पाहिलं. नक्की उत्तर कोणालाच देता येईना.

तीन रकान्यांची वही

घरी येऊन मुलीची एक जुनी वही घेतली आणि तीन रकाने आखले. पहिल्यात 'आधी काय झालं', दुसऱ्यात 'त्यानं काय केलं', तिसऱ्यात 'नंतर काय झालं'. एक नियम केला. 'चिडला', 'खूश झाला', 'हट्ट केला' असे शब्द वहीत लिहायचे नाहीत. जे दिसलं आणि ऐकू आलं तेवढंच लिहायचं.

हा नियम पाळणं वाटतं तितकं सोपं नाही. पहिल्याच दिवशी मुलीनं लिहिलं, 'गंगाराम रागावला.' मग तिला विचारलं, राग कसा दिसला? तिनं खोडून लिहिलं, 'शेपटीची पिसं पंख्यासारखी पसरली. डोळ्यांतला काळा ठिपका लहान-मोठा होत होता.' दोन्ही वाक्यांत केवढा फरक आहे पाहा. पहिलं वाक्य आपलं अनुमान आहे, दुसरं निरीक्षण. अनुमान चुकू शकतं. निरीक्षण लिहून ठेवलेलं असलं की ते चुकलेलं अनुमान पुढे दुरुस्त करता येतं.

दोन आठवड्यांनी वही चाळली. ओरडण्याच्या ३१ मोठ्या फेऱ्या नोंदलेल्या होत्या. त्यांतल्या २७ वेळा तिसऱ्या रकान्यात कोणी ना कोणी पिंजऱ्यापाशी गेलेलं होतं. दरडावायला, चादर टाकायला, बिया द्यायला किंवा नुसतंच "काय रे?" म्हणायला. आणि तो शांत बसला होता तेव्हा? तेव्हा आम्ही सुटकेचा श्वास टाकून आपापल्या कामाला लागलो होतो. शांत बसलेल्या गंगारामकडे दोन आठवड्यांत कोणी ढुंकूनही पाहिलेलं नव्हतं.

वाचणाऱ्या शिक्षकांना इथे आपला वर्ग आठवला असेल. कोपऱ्यात मुकाट काम करणाऱ्या मुलाचं नाव दिवसभरात एकदाही घेतलं जात नाही आणि दंगा करणाऱ्याचं दहा वेळा घेतलं जातं. रागावणं ही आपल्या लेखी शिक्षा असते. पण ज्याला एकटं बसायचं नाही, त्याच्या दृष्टीनं कोणीतरी जवळ आलं, बोललं, हेच मोठं बक्षीस असतं.

थव्यातली हाक

पण ओरडून लक्ष वेधायचं हे त्याला मुळात सुचलं कसं? त्यासाठी त्याचं मूळ घर पाहायला हवं.

राखी पोपट हे पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या दाट जंगलांचे रहिवासी. दिवसा ते लहान लहान गटांनी खाणं शोधतात आणि संध्याकाळी मोठ्या थव्यानं ठरावीक झाडांवर मुक्कामाला येतात. दाट पानांमध्ये जोडीदार दहा हातांवर असला तरी दिसत नाही. मग एकमेकांचा पत्ता लागावा कसा? आवाजानं. एकानं हाक द्यायची, दुसऱ्यानं ओ द्यायची. शास्त्रज्ञ याला संपर्क-हाक म्हणतात. तिचा अर्थ आपल्या भाषेत सांगायचा तर, 'मी इथे आहे, तू कुठे आहेस?' पहाटे मुक्काम सोडताना आणि संध्याकाळी परतताना या हाकांना ऊत येतो. आपल्याकडचे हिरवे पोपटही संध्याकाळी वडावर किंवा पर्जन्यवृक्षावर उतरताना केवढा कलकलाट करतात ते तुम्ही ऐकलंच असेल.

या हाका किती नेमक्या असतात हे व्हेनेझुएलातल्या एका अभ्यासातून दिसलं. कार्ल बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०११ साली प्रसिद्ध केला. तिथल्या चिमणीएवढ्या हिरव्या पोपटांच्या प्रत्येक पिल्लाची स्वतःची अशी वेगळी हाक असते, जवळजवळ नावासारखी. ती त्याला जन्मतःच येते की तो शिकतो? हे पाहण्यासाठी अभ्यासकांनी काही घरट्यांमधली अंडी अदलाबदल केली. पिल्लं मोठी झाली तेव्हा त्यांच्या हाका जन्मदात्यांशी जुळत नव्हत्या. ज्यांनी वाढवलं त्या पालकांच्या हाकांशी जुळत होत्या. म्हणजे पोपट आपल्या कुटुंबाची हाक शिकून घेतो. कुटुंब दत्तक असलं तरीही.

आता पिंजऱ्यातल्या पोपटाचा विचार करा. कुत्रा हजारो वर्षं माणसाबरोबर राहून बदलला आहे. पोपट तसा बदललेला नाही. पिंजऱ्यात जन्मला तरी तो जंगली पोपटापासून फार थोड्या पिढ्या दूर आहे. त्याच्या डोक्यात थव्याचेच नियम आहेत, आणि थवा म्हणजे आता घरातली माणसं. माणूस खोलीतून बाहेर गेला की पोपटाच्या लेखी थव्यातला एक जण दिसेनासा झाला. मग तो हाक देतो. ओ आली नाही की जरा मोठ्यानं देतो. तरीही नाही आली की आणखी मोठ्यानं. गंगाराम साध्या हाकेनं सुरुवात करत असणार. ती आम्हाला हाक आहे हे कळलंच नाही. आम्ही ओ दिली ती फक्त सर्वांत मोठ्या किंकाळीला.

वहीतल्या नोंदींनी सव्वासहाचं कोडंही पुढे आणलं. बाकीच्या वेळा बदलत होत्या, ही एक बदलत नव्हती. आम्ही त्या गृहस्थांच्या मुलीला फोन केला. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "बाबा फिरून सव्वासहाला यायचे. जिन्यातूनच दोन सुरांची शिट्टी घालायचे. तो आतून तशीच शिट्टी द्यायचा. रोज." तिनं ती शिट्टी फोनवर वाजवून दाखवली.

अंग काय बोलतं?

ओरडणं ही निम्मी गोष्ट झाली. उरलेली निम्मी गोष्ट अंगाच्या हालचालींत होती आणि तिथे आम्ही जास्त चुकलो होतो.

पंख थरथरवत पुढे वाकून बसणं हे आम्हाला थंडीचं लक्षण वाटलं, म्हणून आम्ही त्याची पाठ गोंजारायला लागलो. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. ही मुळात पिल्लाची अन्न मागण्याची मुद्रा. पण वयात आलेला पोपट जोडीदारापुढेही असंच करतो, मान वरखाली करतो आणि गळ्याखालच्या पिशवीतलं अन्न वर काढून भरवू पाहतो. पोपटांच्या जगात पाठीला आणि पंखांखाली स्पर्श करण्याचा हक्क जोडीदाराचा असतो. आम्ही माया म्हणून जे करत होतो त्याचा अर्थ त्याच्या भाषेत भलताच होत होता. मग 'जोडीदार' उठून स्वयंपाकघरात गेला की हाकांचा जोर वाढणारच. तेव्हापासून आमचा स्पर्श फक्त डोक्याला आणि मानेला.

दुसरी चूक डोळ्यांची. माणसाच्या डोळ्यातली बाहुली उजेडानुसार आपोआप लहान-मोठी होते. पक्ष्यांच्या बुबुळातले स्नायू वेगळ्या प्रकारचे असतात, हातापायांच्या स्नायूंसारखे. त्यामुळे पोपट बाहुली उजेड न बदलताही झपाट्यानं लहान-मोठी करू शकतो. राखी पोपटाच्या फिकट पिवळ्या बुबुळावर ते स्पष्ट दिसतं. आम्हाला वाटलं, डोळे आनंदानं लकाकताहेत. मुलीनं बोट पुढे केलं आणि रक्त निघालं. बाहुलीची ही उघडझाप फक्त सांगते की पक्षी उत्तेजित झालाय. आनंदानं की धमकीनं, ते बाकीच्या अंगावरून ठरवायचं. त्या दिवशी शेपूट पसरलेलं होतं, मानेवरची पिसं उभी होती आणि अंग ताठ होतं. वहीत सगळं लिहिलेलं होतं. आम्ही वाचलं मात्र फक्त डोळ्यांचं.

हीच गोष्ट पिसांची. सगळं अंग फुलवून झटकन हलवलं आणि पिसं पुन्हा बसवली तर पक्षी निवांत आहे. एक काम संपवून दुसऱ्याकडे वळताना तो असं करतो. तेच पिसं फुलवून तासन्‌तास डोळे मिटून बसणं आजाराचं लक्षण असू शकतं. उलट पिसं अंगाला चिकटवून उंच, सडपातळ होऊन बसलेला पोपट घाबरलेला असतो. राखी पोपट फार घाबरला तर चक्क गुरगुरतो. जळमटं काढायचा लांब दांड्याचा झाडू पाहून गंगाराम गुरगुरला तेव्हा आम्ही घरात कुत्रा शिरला की काय म्हणून पाहायला धावलो होतो.

काही विचित्र दिसणाऱ्या सवयी मात्र निरुपद्रवी असतात. रात्री चोचीचे दोन भाग एकमेकांवर घासून करकर आवाज करणं हे झोप येत असल्याचं लक्षण. एक पाय पोटाशी घेऊन बसणं म्हणजे आराम. पिंजऱ्याच्या तळाचा कागद कोंबडीसारखा उकरणं ही राखी पोपटांची खास सवय. मध्य आफ्रिकेतल्या जंगलातल्या मोकळ्या, दलदलीच्या जागी हे पोपट थव्यानं जमिनीवर उतरतात. त्या जगण्याशीच या उकरण्याचा संबंध असावा.

यातून एक सूत्र हाती आलं. एका हालचालीचा एकच अर्थ नसतो. डोळे, पिसं, शेपूट, उभं राहण्याची ढब आणि त्या आधी घडलेली गोष्ट हे सगळं मिळून वाक्य तयार होतं. एक शब्द उचलून वाक्याचा अर्थ लावू नये.

ओरडणं वाढलं, तेव्हा

आता उपाय. ओरडण्याला प्रतिसाद द्यायचा नाही, एवढं ठरवणं सोपं होतं. ते निभावणं कठीण, आणि त्याचं कारण प्रयोगशाळेत फार पूर्वी सापडलेलं आहे. फर्स्टर आणि स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी १९५७ साली कबुतरांवरच्या प्रयोगांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. कबुतरानं बटणावर चोच मारली की दाणा मिळायचा. दाणा दर वेळी देत गेलं आणि मग बंद केला, तर कबुतर थोड्याच वेळात नाद सोडतं. पण दाणा कधी मिळतो, कधी मिळत नाही अशी सवय लागलेली असली, तर दाणा बंद झाल्यावरही ते कितीतरी वेळ चोच मारत राहतं. पाच दिवस दुर्लक्ष करून सहाव्या दिवशी "आता पुरे!" म्हणून पिंजऱ्यापाशी गेलो, तर आपण नेमकं हेच शिकवतो : चिकाटीनं ओरडत राहा, कधीतरी माणूस येतोच.

शिवाय प्रतिसाद बंद झाला की सुरुवातीला ओरडणं वाढतं. नेहमी उघडणारं दार एखाद्या दिवशी उघडलं नाही, तर आपण घंटा एकदाच वाजवून परत फिरत नाही. जोरजोरात आणि लांबलचक वाजवतो. तसंच. हे आधी माहीत नसेल तर माणसं नेमकी याच टप्प्यावर हार मानतात आणि पक्ष्याला दुसऱ्याच्या घरी पाठवतात.

म्हणून आम्ही आधी वरच्या आजींकडे गेलो. सगळं समजावून सांगितलं आणि एक महिन्याची मुदत मागितली. पहिले दहा दिवस आणखी वाईट जातील हेही सांगितलं. आजी म्हणाल्या, "वाढणार हे माहीत असलं की सोसतं. कळत नाही तेव्हाच त्रास होतो."

पण नुसतं दुर्लक्ष हा अन्याय झाला असता. हाकेला कधीच ओ न मिळणं ही थव्यात राहणाऱ्या प्राण्याला शिक्षा आहे. एकटेपणाचा परिणाम शरीरावरही होतो. पेशीतल्या गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर नावाचे भाग असतात आणि वयाबरोबर ते आखूड होत जातात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एकट्यानं ठेवलेल्या राखी पोपटांचे टेलोमिअर जोडीनं राहणाऱ्या पोपटांपेक्षा आखूड आढळले. तेव्हा ओ द्यायचीच. पण किंकाळीला नाही, शिट्टीला.

शिट्टी शिकवताना आम्ही आयरीन पेपरबर्ग यांची पद्धत वापरली. १९७७ साली त्यांनी शिकागोतल्या एका दुकानातून ॲलेक्स नावाचा राखी पोपट आणला. २००७ साली तो मरण पावला तोवर तो शंभराहून अधिक वस्तू, रंग, आकार यांची नावं योग्य जागी वापरत होता. त्याला शिकवताना दोन माणसं त्याच्यासमोर एकमेकांशी संवाद करत. एकानं वस्तू दाखवून विचारायचं, दुसऱ्यानं नाव सांगून ती मिळवायची. पोपट पाहून पाहून शिकायचा. आम्हीही पिंजऱ्यासमोर बसलो. एकानं दोन सुरांची शिट्टी वाजवायची, दुसऱ्यानं लगेच तशीच ओ देऊन जवळ यायचं.

जुनी शिट्टी ऐकल्यावर तो एकदम शांत होईल असं आम्हाला वाटलं होतं. झालं उलटंच. पहिल्या दिवशी शिट्टी ऐकताच तो ताठ झाला, दाराकडे पाहत राहिला आणि मग पूर्वी कधी ओरडला नव्हता इतका ओरडला. ती संध्याकाळ आम्हाला जड गेली. तो कोणाची वाट पाहत होता हे आम्हाला माहीत होतं आणि त्याला सांगायची सोय नव्हती. पण वहीचा नियम पाळून आम्ही एवढंच लिहिलं : 'शिट्टी ऐकली. दाराकडे पाहिलं. ५० मिनिटं ओरडला.'

बरोबरीनं त्याचा दिवसही बदलला. रानातला पोपट दिवसाचा मोठा भाग खाणं शोधण्यात घालवतो. वाटीतलं खाणं दहा मिनिटांत संपतं, मग उरलेल्या वेळात करायचं काय? आम्ही मक्याचं कणीस, गाजर, लाल भोपळ्याचे तुकडे वहीच्या कोऱ्या कागदात गुंडाळून टांगायला लागलो. हिरवी मिरची त्याला विशेष प्रिय, कारण मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवत नाही. पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला लावली आणि समोर दार दिसेल असं पाहिलं. रात्री अकरापर्यंत टीव्ही चालणाऱ्या खोलीतून त्याला हलवलं, कारण विषुववृत्ताजवळच्या या पक्ष्याला दहा-बारा तासांचा शांत अंधार लागतो.

सतराव्या दिवशी सव्वासहाला जिन्यातून शिट्टी वाजवली आणि आतून ओरडण्याआधी शिट्टी आली. जरा बेसूर, पण दोन सुरांची. आम्ही धावतच वर गेलो. सहा आठवड्यांनी संध्याकाळचा तासाचा आरडाओरडा दहा-बारा मिनिटांवर आला. तो पूर्ण थांबलेला नाही आणि थांबणारही नाही. पहाटे आणि संध्याकाळी हाका देणं हे त्याचं पोपटपण आहे. ते ज्याला सोसवत नाही त्यानं पोपट घरी आणू नये. या पक्ष्यांना रानातून उचलण्याची किंमत फार मोठी आहे. घानामध्ये १९९०नंतरच्या काळात त्यांची संख्या ९० टक्क्यांहून अधिक घटली. जंगलतोड हे त्याचं एक कारण आणि घरोघरच्या पिंजऱ्यांसाठी झालेली पकड हे दुसरं. २०१६ साली जोहान्सबर्गच्या परिषदेत, रानातून पकडलेल्या राखी पोपटांचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद करण्याचा निर्णय झाला. आमच्यासारख्यांनी करायचं ते इतकंच, की जे आधीच पिंजऱ्यात आहेत त्यांचं घर पुन्हा पुन्हा बदलू द्यायचं नाही.

वर्गात करून पाहा

यासाठी पिंजऱ्यातला पोपट नको. गावात हिरवे पोपट मुक्कामाला येतात ते झाड मुलांना शोधू द्या. सूर्यास्ताआधी अर्धा तास तिथे बसा. मुलांनी वहीत तीन रकाने आखावेत : आधी काय झालं, पक्ष्यानं काय केलं, नंतर काय झालं. पहिला थवा किती वाजता आला? उडताना आवाज जास्त की बसल्यावर? एक पक्षी ओरडल्यावर दुसरा किती वेळानं ओरडला? कलकलाट कधी थांबला? 'भांडत होते', 'खेळत होते' असं कोणी लिहिलं तर विचारा, "तुला नेमकं काय दिसलं?" आठवडाभर रोज वेळ नोंदवली तर ती सूर्यास्ताबरोबर सरकते का, हेही मुलांना स्वतः पाहता येईल.

नंतर हीच वही आपण वर्गातल्या एका दिवसापुरती स्वतःसाठी वापरायला हरकत नाही. तिसरा रकाना भरताना आम्हाला जे स्वतःबद्दल कळलं, ते गंगारामबद्दल कळलेल्या गोष्टींपेक्षा कमी नव्हतं.

परवा आम्हाला घरी यायला उशीर झाला, सात वाजून गेले होते. जिन्यात पाय ठेवला तर वरून दोन सुरांची शिट्टी आणि आतून तिला ओ. वरच्या आजी कठड्याला टेकून उभ्या होत्या. म्हणाल्या, "तुमचा पत्ता नव्हता. तो केव्हाचा विचारत होता, मग मीच दिली ओ."